रिकाम्या हातानं

कमळूदादा पैसे घ्यायला आलेला नाही, हे त्याच्या हातातल्या पिशवीवरून आधी आईला कळलं, आणि मग मला.

आमच्याकडे हिशोबाला येणारा ठेकेदार रिकाम्या हातानं येतो. ही रीत कोणी घालून दिली ते माहीत नाही, पण शहापूरपासून मुरबाडपर्यंतचे जे जे लोक कधी ना कधी माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, कामावर मदतीला आले, ते सगळे ती पाळत. एरवी येताना वालाच्या शेंगा आणा, भोपळा आणा, कोंबडी आणा. पण एकानं दुसऱ्याच्या कामावर घेतलेल्या मेहनतीचं मोल ठरवायला बसायचं असेल, त्या दिवशी हातात काही नको. काही आणलं की समोरच्याची जीभ जड होते, असं आप्पा म्हणत. शिवाय तो माणूस ओटीच्या कडेला उभा राहतो आणि पाणी दिल्याशिवाय बसत नाही. पाणी दिलं, की बोलणं सुरू.

कमळूदादा ओटी ओलांडून सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. पिशवी आईच्या पायाशी ठेवली.

"वयनी, करांदे हायेत. सिद्धगडाखालचे. शिजाया येळ लागंल, पन पिठूळ निघतील."

मागून त्याची बायको, लहानीवहिनी आली. तिच्या हातात नव्या तांदळाच्या पिठाचा डबा होता. आईनं डबा घेतला, पिशवी घेतली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा रे. जेवल्याशिवाय जायचं नाय."

आप्पा गेले ते दसऱ्यानंतर. आटगावला राऊत मास्तरांच्या घराचं काम तेव्हा निम्म्यावर होतं. वरच्या स्लॅबसाठी सेंट्रिंग उभं होतं, जिन्याचा अजून पत्ता नव्हता. आप्पांना अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुरबाडहून एक टेम्पो मास्तरांच्या दारात उभा राहिला. प्लेटा, बल्ल्या, मिक्सर, कमळूदादाची सगळी माणसं. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मुरबाडचं स्वतःचं काम बंद ठेवून तो आला, जिना भरला, स्लॅब टाकला, सेंट्रिंग खोलेपर्यंत तिथंच राहिला. आमच्या दहाव्या-बाराव्याला मात्र संध्याकाळी अंघोळ करून यायचा आणि मांडवात सगळ्यांत मागं बसायचा.

आप्पांचा नियम होता की मदतीला येणाऱ्याशी नारळ फोडायच्या आधी बोलून घ्यायचं. या वेळी नारळ कोणी फोडला तेसुद्धा मला माहीत नाही. बोलणं राहून गेलं होतं. आप्पांच्या कामांतलं बोलणं न झालेलं हे पहिलंच काम, आणि ते माझ्या वाट्याला आलं होतं.

*

स्वयंपाकघरात आम्ही चौघं. करांद्यांचे रानकंद चुलीवर होते. ओटीवरून लहानीवहिनीचा आवाज येत होता. ती कमळूदादाशी त्यांच्या वाडीच्या बोलीत काहीतरी बोलत होती आणि तो नुसता हुंकार देत होता.

"मी सांगतो ते ऐक," माझा धाकटा भाऊ आदेश हळू आवाजात म्हणाला. "त्याच्या माणसांना त्यांचा रोज द्यायचा. त्याला मुकादमाचा रेट. गाडीभाडं वर. विषय संपला."

"तो मुकादम नाहीये," मी म्हणाले.

"ताई, तो आप्पांच्याच हाताखाली शिकला ना? घमेली उचलायला आलेला."

"तू पण पहिलीत होतास. अजून आहेस का?"

नामाकाका पाटावर बसून सुपारी कातरत होते. आप्पांचे धाकटे भाऊ. मधली काही वर्षं दोघांनी भागीत कामं केली, मग वेगळे झाले, आणि आता आप्पांच्या मागं राहिलेली कामं आपल्याकडं यावीत असं त्यांना वाटत होतं. वाटण्यात गैर काही नव्हतं. त्यांनी ते उघड बोलूनही दाखवलं होतं.

"तुमी दोघं पन येडे," काका म्हणाले. "तो मागतोय का? नाय ना? मग द्यायचं कशाला? शाल घाला, नारळ द्या, मान करा. वाडीवरचं माणूस हाय, मान केला का जल्मभर नाव काढील."

"मानानं त्याच्या माणसांच्या चुली पेटतील का?"

"ते त्याचं तो बघंल."

मी आईकडं वळले. आई झाकण काढून करांद्यांना काडी टोचून बघत होती.

"नामाभावोजी बोलतात ते मना पटतं," ती म्हणाली. "पोटच्या पोरासारखा धावत आला तो. पोराला कोन हजेरी देतं गो? पैसे पुढं केलेस तर त्याला काय वाटंल?"

म्हणजे मी एका बाजूला आणि हे तिघं दुसऱ्या. तिघांची कारणं मात्र तीन होती.

आदेशचं कारण मला त्यानंच पुढं कधीतरी सांगितलं. भिवंडीच्या गोदामात तो सुपरवायझर आहे. रोज लोकांच्या हजेऱ्या लावतो, आणि माणूस ज्या नावानं गेटमधून आत आला त्याच नावानं त्याला मोजायचं हे त्याच्या अंगात मुरलंय. पण खरी धास्ती वेगळी होती. त्याला वाटत होतं की मी आप्पांचं नाव राखायच्या नादात सगळं उधळून बसेन. मी कल्याणच्या ड्रॉइंग ऑफिसात परत जावं, दुपारी डबा खावा, संध्याकाळी घरी यावं, कोणाच्या शिव्या खाऊ नयेत. आप्पांचा फोन मी अजून रोज चार्ज करते, रेतीवाल्यांचे, वीटवाल्यांचे फोन घेते आणि 'बोला' म्हणते, हे त्याला बघवत नव्हतं. त्यानं ते तेव्हा सांगितलं असतं तर मी त्याच्याशी इतकं तोडून बोलले नसते.

"मला एक विचारायचंय," मी म्हणाले. "मुरबाडचं शाळेमागचं काम माघात सुरू करायचं आहे. कमळूदादाशिवाय मला ते जमणार नाही. आज त्यानं फुकट केलं, तर माघात मी त्याला कोणत्या तोंडानं बोलवू?"

"बोलव की. येईल," काका म्हणाले.

"येईल. आणि कामात काही चुकलं तर त्याला सांगू कशी?"

"त्याच्या हातनं चुकत नाय."

"चुकलंय, काका. मास्तरांच्या जिन्याची पहिली पायरी चुकलीय."

अडकित्त्याचा आवाज थांबला. मग आई झाकण हातात धरून तशीच उभी राहिली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तुझा पन पाय लागला?"

*

आई आदल्या दिवशी मास्तरांच्या घरी गेली होती. एकटी, कोणाला न सांगता. घर बांधून होत आलं की आप्पा तिला दाखवायला न्यायचे. मालकाच्या आधी. ती काही बोलायची नाही, नुसती सगळ्या खोल्यांतून चालायची, जिना चढायची, उतरायची, आणि आप्पा खाली उभे राहून तिच्या पायांकडं बघायचे. ती रखडली नाही की ते बिडी पेटवायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची रीत.

या वेळी खाली कोणी उभं नव्हतं. तिनं पदर खोचला, पाय उचलला, आणि पायाच्या बोटांवर पायरीची कड बसली. तिला वाटलं, आपलंच वय झालं. खाली उतरून पुन्हा चढली. पुन्हा लागलं. दुसरी पायरी बरोबर, तिसरी बरोबर, वळणापर्यंत सगळ्या सारख्या. पहिलीच तेवढी उंच.

मग ती त्या पायरीवर बसून राहिली. हे सांगायचं कोणाला? पोरानं आपलं काम टाकून यायचं, उन्हात राबायचं, एक पैसा मागायचा नाही, आणि आपण त्याला म्हणायचं, तुझी पायरी चुकली? जीभच उचलणार नाही. ती घरी आली आणि बोटाला हळद लावली. मला म्हणाली, पाटा लागला.

*

"लागला," मी म्हणाले.

आदेशच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "बघ! मग हेच पुढं ठेव ना. पायरी चुकली म्हणायचं, रेट आपोआप खाली येतो. आमच्याकडं असंच—"

"आदेश," आई म्हणाली.



"त्या माणसाच्या चुकीवर सौदा करतोस?" आईनं झाकण खाली ठेवलं. "तुझ्या बापानं कुनाची चूक सौद्यात घातली नाय. आधी मोल, मंग चूक. दोन येगळ्या गोष्टी हायेत त्या." ती माझ्याकडं वळली. "दे त्याला. पुरं दे. मंग सांग."

"वयनी, आत्ता तर माझ्या बाजूनं होतीस," काका म्हणाले.

"होती. पोरीचा पन पाय लागला ते माहीत नव्हतं तवर."

*

जेवणं झाली. करांदे खरंच पिठूळ निघाले होते. आम्ही ओटीवर बसलो. लहानीवहिनी दाराआड आईबरोबर. मी कमळूदादाच्या समोर बसले, आप्पा बसत त्या बाजूला.

"दादा, मास्तरांच्या कामाचं बोलायचंय."

"कायला बोलायचं?" तो हसला. "झालं ना काम. स्लॅब पाणी प्याला, मास्तर खूश."

"तुमचं मोल ठरवायचं राहिलंय."

त्याचं हसू गेलं. आप्पांना तो भाऊ म्हणायचा. "ताय, तसं नका बोलू. भाऊच्या कामाचं पैसं मना पचतील का? मना ओळंबा धरायला कुनी शिकवला? मी घेनार नाय."

"बघ, मी काय बोललो?" काका म्हणाले. "मानूस मनाचा मोठा हाय."

 कमळूदादाशी वाद घालून मी जिंकणार नव्हते. तो आप्पांसमोर बसल्यासारखा मान खाली घालून बसला होता, आणि मी काहीही म्हटलं असतं तरी तो नाहीच म्हणाला असता. आप्पा अशा वेळी एकच प्रश्न विचारत. मदत करणाऱ्याला भीड पडली किंवा करून घेणाऱ्याचा हात आखडला, तरी तोच प्रश्न. दोघांनाही जागा बदलायला लावत.

"ठीक. घेऊ नका," मी म्हणाले. "फक्त एक सांगा. उद्या तुमचं काम अडलं. मी माझं काम बंद ठेवून मुरबाडला आले. माझी माणसं, माझ्या प्लेटा, माझा मिक्सर. तुमचा स्लॅब टाकून दिला. तर तुम्ही मला काय द्याल?"

त्यानं झटकन वर पाहिलं. "भाऊवानी कशाला इचारताव?"

"ते विचारायला नाहीत म्हणून."

त्यानं पंज्याच्या कडेनं ओटीच्या सारवणावर एक रेघ ओढली, पुसली.

"मानसांचा रोज," तो म्हणाला.

"बरं."

"प्लेटांचं, मिक्सरचं भाडं. डिझेल."

"आणि?"

"आनी काय?"

"माझं काम बंद राहिलं. डोकं मी चालवलं. रात्री झोप मला नाही, स्लॅब धरेल का नाही म्हणून. त्याचं काय?"

"त्याचं..." तो अडखळला. "ठेकेदाराचा वाटा."

"अर्धा?"

"अर्धा कसा?" त्याचा आवाज एकदम चढला. "अर्धा मुकादमाला. तुमी काय माझ्या मुकादम हाव? तुमाला मी अर्धा दिला तर मुरबाडच्या बाजारात लोक थुकतील माझ्यावर. पुरा वाटा!"

"मग मी तुम्हाला किती द्यायचा?"

तो पुन्हा रेघ ओढू लागला.

दाराआडून लहानीवहिनीचा आवाज आला. "बोल ना आता! तोंडात करांदा अडकला का?"

आदेश फसकन हसला आणि मग त्यानं खोकल्याचं नाटक केलं. काकांनी मात्र सुपारीची डबी बंद केली.

"असं बघ कमळू," ते म्हणाले. "वाडीवर काय बोलतील? काळूरामभाऊ गेला आन् ह्यानं त्याच्या घरातनं पैसं उचललं. बरं दिसंल का ते?"

त्या क्षणी मला भीती वाटली. काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. कमळूदादाची मान पुन्हा खाली जाऊ लागली.

लहानीवहिनी दाराबाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट करत उंबऱ्यापाशीच उभी राहिली.

"नामाशेठ, वाडीवर काय बोलतील ते मी सांगू? वाडीवर इचारतील, कमळू आटगावला गेलता तो ठेकेदार म्हनून का हमाल म्हनून? ह्यानी काय सांगायचं? ह्याची मानसं पन वाडीवरचीच हायेत. त्यांना ह्यानी घरातनं भात इकून रोज दिला. ते कुनी बघितलं?"

"लहाने, तू आत जा," कमळूदादा म्हणाला.

"जाते. तू बोललास का जाते."

कमळूदादानं माझ्याकडं पाहिलं. तो माझ्याहून बराच मोठा. मी शाळेत असताना तो आमच्या अंगणात लोखंड कापायचा आणि मी त्याच्या शेजारी बसून तुकड्यांची घरं मांडायचे. त्या डोळ्यांत आता एक वेगळीच अडचण होती. इतकी वर्षं त्यानं स्वतःला मुरबाडमध्ये ठेकेदार म्हटलं होतं, आमच्या ओटीवर कधी म्हटलं नव्हतं.

"पुरा," तो शेवटी म्हणाला. "ठेकेदाराचा पुरा वाटा. जो भाऊनी दुसऱ्या ठेकेदाराला दिला असता, तो."

"कबूल," मी म्हणाले.

आई आतून आली आणि तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. जेवण झालेलं होतं, पाणी पिऊन झालेलं होतं. तरी त्यानं तांब्या उचलला आणि वरून प्यायला, सावकाश, सगळ्यांसमोर. मग काकांनीसुद्धा हात पुढं केला आणि त्याच्या हातून तांब्या घेतला. ते मनातून हरले होते, पण रीत मोडणारे नव्हते.

*

"आता दुसरं," मी म्हणाले. माझ्या आवाजाची मला खात्री नव्हती. "जिन्याची पहिली पायरी उंच आहे."



"उंच नाय ताय," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "ती तशीच ठेवायची. भाऊनी शिकवलेलं हाय. खाली मुरूम येतो, वर शहाबादी बसते, मंग पायरी आपोआप बाकीच्यांवानी होते."

"मास्तरांकडं शहाबादी नाहीये, दादा. टाइल बसणार आहे, कोब्यावर, पातळ. नकाशात लिहिलंय. तो कामावरच होता, भिंतीला लावलेला."

तो उठला. चप्पल पायात सरकवली आणि कोणाला काही न बोलता चालू लागला. मास्तरांचं घर स्टेशनच्या रस्त्यालाच, लांब नाही. आम्ही सगळे मागोमाग. आईसुद्धा.

तो जिन्याखाली उभा राहिला. पट्टी काढली नाही, वाकून पाहिलं नाही. मास्तर रोज चढतील तसा समोर बघत चढायला गेला, आणि आईचा लागला होता तसाच त्याचा पाय कडेला लागला. तो तिथंच थांबला, एक पाय वर, एक खाली, हात भिंतीला.

"वयनी," मागं न बघता त्यानं विचारलं, "तुमी चढल्या होत्याव?"

"काल चढले."

"बोलल्या नाय."

"काय बोलू रे? फुकट आलेल्याला बोलता येतं का?"

तो हळूच वळला आणि त्याच पायरीवर बसला. मला वाटलं, आपण त्याला दुखावलं. त्यानं पायरीच्या कडेवरून तळवा फिरवला. कड सरळ होती, कोपरे करकरीत. चूक सोडली तर पायरी सुंदर होती.

"नकाशा बघितला नाय मी," तो म्हणाला. "डोळ्यापुढं भाऊच होते. त्यांनी केलं असतं तसंच करायचं, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी नकाशा बघितला असता."

"बघितला असता," मी म्हणाले.

"फोडायचा. वळणापर्यंत. पायऱ्या परत वाटून घ्यायच्या, सगळ्या सारख्या."

आदेश पुढं आला. मघाशी तो ज्या चुकीवर सौदा करू पाहत होता, ती चूक आता त्याच्यासमोर बसलेली होती, आणि त्याला ती बघवेना. "कमळूदादा, खर्च निम्मा आपण—"

"निम्मा का?" कमळूदादा ताडकन उभा राहिला. "आत्ता ओटीवर काय ठरलं? मी मुकादम हाय का ठेकेदार?"

"ठेकेदार."

"मंग? मुकादमाची चूक मालकाच्या अंगावर. ठेकेदाराची ठेकेदाराच्या. सिमेंट माझं, मानसं माझी. तुमी फक्त मास्तरांना सांगा, चार दिवस मागच्या दारानं या."

त्यानं खिशातून फोन काढला, मुरबाडला लावला, आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "उद्या आटगावला. ब्रेकर घे. जिना फोडायचाय. हां. माझी चूक हाय, माझी!" एखाद्या मोठ्या कामाची ऑर्डर मिळाल्यासारखा तो ते सांगत होता.

आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्या दंडाला धरलं. धरलं म्हणजे आधारासाठी नाही. आप्पा काम झालं की एखाद्याला धरायचे, तसं.

*

जिना पुन्हा झाला. आई चढली, उतरली. खाली मी उभी राहिले आणि तिच्या पायांकडं पाहिलं. ती रखडली नाही.

त्यानंतर कमळूदादा घरी आला तो एका सकाळी, अचानक. मी अंगणात प्लेटांना तेल लावत होते. तो ओटीच्या कडेला उभा राहिला. हात रिकामे. दोन्ही हात जरा पुढं धरलेले, जणू आम्हाला नीट दिसावेत.

आई आतून आली, त्याला तसा उभा पाहिला, आणि काही न बोलता पाणी आणायला गेली. पाणी पिऊन झाल्यावर तो बसला.

"मुरबाडला माझा स्लॅब हाय," तो म्हणाला. "एका दिवसात टाकायचाय, मानसं कमी पडतात. तुमची गँग पायजे, मिक्सर पायजे, आन् तुमी सोता. नारळ अजून फोडला नाय. बोला, काय घ्याल?"

मी तेलाचा हात पुसला. आप्पा गेल्यापासून मला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी आईकडं पाहिलं. ती मुद्दाम दुसरीकडं बघत होती, पण तिची मान ताठ होती.

"आधी तुम्ही सांगा," मी म्हणाले. "माझ्या जागी असता तर काय मागितलं असतं?"

तो हसायला लागला, आणि तेवढ्यात फाटकाशी लहानीवहिनी दिसली. डोक्यावर करांद्यांची पाटी, काखेत भोपळा.

"अगो, आज हिशोब हाय!" कमळूदादा ओरडला. "काय आनायचं नसतं!"

"तू नको आनू," ती पाटी उतरवत म्हणाली. "मी काय ठेकेदार नाय."

आणि आईनं हात पुढं केले.